लांबणाऱ्या कामाची प्रगती कुठे दाखवायची: मोडल डायलॉगमध्ये (बंद होईपर्यंत बाकी खिडकी अडवणाऱ्या चौकटीत) की खिडकीच्या खालच्या पट्टीत?
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यासाठी जावा स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायच्या जावाच्या संचात) बिलिंगचा प्रोग्राम लिहिताना हा प्रश्न आला. महिनाअखेरीची खातेवही बनायला वेळ लागतो. ते काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर न्यायचं, हे ठरलेलंच. पडदा सांभाळणारा मुख्य थ्रेड अडकला की खिडकी गोठते आणि दिवाणजी घाबरून मशीनच बंद करतात.

मोडल डायलॉग मागची खिडकी अडवतो, त्यामुळे मधेच कुणी जुनं बिल बदलत नाही. पण एक खाच आहे, तिने माझी अख्खी रात्र घेतली. डायलॉग दाखवणारी ओळ तो बंद होईपर्यंत पुढे सरकत नाही. पडदा मात्र जिवंत राहतो, कारण आत इव्हेंट लूप (क्लिक, की दाबणं वगैरे हाताळणारं चक्र) चालू असते. म्हणून आधी स्विंगवर्कर (काम वेगळ्या थ्रेडवर चालवणारा स्विंगचा भाग) सुरू करायचा, मग डायलॉग दाखवायचा. उलट केलंत तर डायलॉग उघडाच राहतो आणि काम सुरूच होत नाही.

खालच्या पट्टीत प्रगती दाखवली तर पहाटे गाड्या लागल्यावरही बिल फाडता येतं. मात्र कुठलं बटण कधी बंद ठेवायचं, हे आपणच सांभाळायचं, आणि थ्रेडला डेटाची वेगळी प्रत द्यायची.

खातेवहीला मी मोडलच ठेवला, ‘रद्द करा’ बटणासह. बॅकअपला पट्टी.