निळा चढता हायड्रेंजिया: पाकिटात नेमकं काय येतं

ऑनलाइन जाहिरातीच्या फोटोत अख्खी भिंत निळ्या घोसांनी झाकलेली, खाली ‘चढता हायड्रेंजिया, ५० बिया’, आणि किंमत दोन वडापावांएवढी. चढता हायड्रेंजिया म्हणून नर्सरीत जो मिळतो तो हायड्रेंजिया पेटिओलॅरिस हा वेल, मूळचा जपान, कोरिया आणि रशियाच्या साखालिन बेटावरच्या जंगलांतला. त्याची फुलं पांढरी. निळी नाहीत, जांभळी नाहीत, लाल तर नाहीतच. ‘फिटकरी घाला, निळा होईल’ हा सल्ला हायड्रेंजिया मॅक्रोफिला या दुसऱ्या, झुडपी प्रजातीच्या रंगीत जातींचा आहे. आम्लधर्मी मातीतलं अॅल्युमिनियम त्यांच्या रंगद्रव्याला निळं करतं. पांढऱ्या फुलात ते रंगद्रव्यच नाही, मग पोतंभर फिटकरी ओतून काय होणार?

पाकीट आलंच असेल तर बी पांढऱ्या कागदावर ओता. हायड्रेंजियाचं बी धुळीच्या कणासारखं असतं, श्वास जोरात सोडला तरी उडतं. मोहरीएवढं, मुगाएवढं, चपटं काळं असं काहीही निघालं तर ते दुसऱ्याच झाडाचं. विक्रेता सांगतो, ‘उगवायला ९० दिवस लागतात, धीर धरा.’ परताव्याची मुदत असते सात-दहा दिवसांची. खरी मेख तिथेच आहे.

इंग्लंड-अमेरिकेत बाग करणाऱ्या मराठी मंडळींची फसगत जरा वेगळी होते. तिथे रोप मिळतं, पण कधीकधी शायझोफ्रॅग्मा या त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलाचं. घोस बघा: पेटिओलॅरिसच्या कडेच्या वांझ फुलाला साधारण चार पांढरी दलं असतात, शायझोफ्रॅग्माच्या फुलाला एकच मोठं, पानासारखं दल. पानाची कडही बघा; पेटिओलॅरिसची बारीक दातेरी, दुसऱ्याची ठसठशीत. ‘गुलाबी चढता हायड्रेंजिया’ म्हणून विकतात तो बहुतेक शायझोफ्रॅग्माच. वेल वाईट नाही, पण पैसे ज्याचे दिले ते मिळायला हवं. फुलं यायला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे चूक कळेपर्यंत पावतीही हरवलेली असते. म्हणून लेबलवर पूर्ण शास्त्रीय नाव नसेल तर घेऊच नका.

दुसरी लबाडी मुळांची. नुसती फांदी कुंडीत खोचलेली असते आणि पानं काही आठवडे ताजी दिसतात. खोडावरची बारीक हवाई मुळं बघून फसू नका, ती भिंत धरायची असतात. कुंडी उलटी करून खालच्या भोकांत पांढरी मुळं दिसतात का बघा, खोड हलकेच ओढा. सैल निघालं तर परत ठेवा. हिवाळ्यात पानं झडलेल्या काड्याच मिळतात. नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसलं पाहिजे.

खरं रोप मिळालं तर भिंतीपासून ३० ते ४० सेंमी लांब लावा, कारण पायथ्याची माती कोरडी राहते. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत चालते. पहिली दोन-तीन वर्षं तो जागचा हलत नाही, हे नेहमीचंच. छाटणी फुलं ओसरल्याबरोबर करा. हिवाळ्यात कापलात तर पुढचा बहर गेला.

पुणे, मुंबई, नागपूरकरांनी मात्र हा नाद सोडावा. त्याला थंडीची झोप लागते आणि एप्रिलच्या उन्हात पानं करपतात. घोसच हवे असतील तर मधुमालती लावा.

पैसे गेलेच असतील तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि मोजपट्टीशेजारी बियांचा फोटो ठेवा. आधी विक्री-साइटवर लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानच गायब झालं असेल तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.