जुनी डीआय पिकअप घरी बांधताना: तेच इंजिन, तसलंच दुसरं, की कॉमन रेल?

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी मांगरांत (शेतावरच्या खोपटांत) महिंद्राची जुनी डीआय, म्हणजे यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाची, गाडी उभी असते. आंब्याच्या पेट्या, चिरे, शेणखत, बंदरावरची मासळी, सगळं तिने ओढलेलं असतं. हौदा नवा बनतो, पत्रा बदलता येतो. गाडं अडतं ते इंजिनापाशी. तेच बांधून घ्यावं, तसलंच दुसरं आणून चढवावं, की सीआरडीई, म्हणजे कॉमन रेलचं इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिन, बसवून जोर वाढवावा? गाडी रोज कामाला लागणार असेल, तर माझा कौल पहिल्या दोघांच्या बाजूने आहे.

आधी मोहाचं बोलू. महिंद्राची थार २०१० साली आली तेव्हा कंपनीने तिच्यात दोन्ही प्रकारची इंजिनं दिली होती. २५२३ सीसीच्या डीआयची ताकद ६३ बीएचपी आणि टॉर्क (ओढण्याचा जोर) १८२.५ एनएम, २४९८ सीसीच्या सीआरडीईची ताकद १०५ बीएचपी आणि टॉर्क २४७ एनएम. भरल्या गाडीने आंबा घाट चढताना हा फरक पायाखाली कळतो. पण त्याच थारमध्ये सीआरडीईला पुढचं सस्पेन्शन वेगळं होतं, हेही लक्षात घ्या. टॉर्क एक तृतीयांशाहून जास्त वाढला की क्लच, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि सगळ्यात आधी ब्रेक यांचा विचार करावा लागतो. घाट चढायचा तसा उतरायचाही असतो.

त्यानंतर वायरिंग. जुन्या डीआयचा पंप यांत्रिक आहे. डिझेल आलं, हवा काढली, स्टार्टर फिरला की इंजिन चालू. डिझेल फवारणारं नोझल साधारण २०० ते २५० बार दाबाला उघडतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब हजार बारच्या वर जातो. त्याला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) लागतो, क्रँकचा सेन्सर लागतो, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलही सेन्सरचं लागतं, आणि हे सगळं जोडणारा हार्नेस (वायरींचा जुडगा) एकाच गाडीतून अख्खा मिळाला तरच काम सरळ होतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर खारी हवा. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि गाडी कधी चालते, कधी चालत नाही. असा फॉल्ट शोधायला स्कॅनर आणि तो वाचणारा माणूस हवा. आडगावात भर आंब्याच्या हंगामात तो कुठून आणणार? डिझेलमध्ये उतरलेलं पाणीही कॉमन रेलच्या इंजेक्टरला फार लवकर मारतं.

कायद्याचा भाग कमी शब्दांत सांगतो, पण तो हलका नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झालाच तर विम्याचा दावा अडकतो, तो त्रास वेगळा. त्याच प्रकारचं दुसरं इंजिन घालायचं असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या.

आता उरले दोन. डीआयचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिमी. लांब स्ट्रोकमुळे ते कमी फेऱ्यांतच ओढतं, म्हणून वजनाला ते बरं. ब्लॉक आणि क्रँक धड असतील तर तेच बांधा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. धूर भकाभका येत असेल तर रिंगा-पिस्टन गेले. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, मग हेड आणि ब्लॉक तपासल्याशिवाय सामानाला एक रुपयाही घालू नका. खोलणं-जोडणं घरी होतं. क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंग मात्र चांगल्या लेथवाल्याकडेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेत, तिथवर जाण्याचं भाडं वसूल होतं.

ब्लॉकला तडा असेल, किंवा क्रँक आणखी घासण्याजोगा उरला नसेल, तर दुसरं डीआय. माउंटिंग, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच बहुतेक जागच्या जागी बसतात, फक्त टर्बो आणि बिनटर्बोचं गणित आधी जुळवा. पण किनाऱ्यावर उघड्यात पडलेलं इंजिन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सिलिंडरला गंज धरतो, पंपाचे प्लंजर अडकतात. चालू करून दाखवणाराच विक्रेता बघा, आणि बिलावर इंजिन नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन दोनशे किलोच्या वरचं असतं. मांगराच्या वाशाला चेन ब्लॉक कधीही टांगू नका; जाड लोखंडी पाइपची तीन पायांची घोडी उभी करा आणि लटकत्या इंजिनाखाली कुणालाही जाऊ देऊ नका. दिवाळीनंतर काम काढलंत तर पेट्या भरायच्या आत गाडी रस्त्यावर येते.

आणि जोर खरंच कमी पडत असेल, दर आठवड्याला घाटावर माल जात असेल, तर ही गाडी विका आणि कंपनीनेच कॉमन रेल घातलेली जुनी पिकअप घ्या. तिचे ब्रेक, वायरिंग आणि कागद तिच्या इंजिनाला धरूनच आलेले असतात.