मिरजेत करवून घेतलेला तानपुरा : एका वर्षानंतर

या महिन्यात तानपुरा घरी येऊन वर्ष झालं. मध्ये रत्नागिरीचा एक अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आता लिहिते. त्याआधी लिहिण्यात अर्थ नव्हता.

मी गाणं शिकवते. पूर्वी एका शहरातल्या दुकानातून तयार तानपुरा घेतला होता. दिसायला देखणा, पण जवारी (तारा टेकतात ती घोडी घासून तारांना आणलेला गुंजारव) कधी बोललीच नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात दांडी वाकली. पुढची बारा वर्षं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर काढली. पन्नाशीनंतर माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी चारवरून उतरून पांढरी पाचवर आली, आणि आता याच आवाजासाठी वाद्य करून घ्यायचं असं मनाने घेतलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून मिरज गाठली.

सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मूळची शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावणारी. हत्यारांची मागणी आटत गेली तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, आणि तिथून ही परंपरा सुरू झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेले ते दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली, मागे कारखाना आणि वर माळा. बाप-लेक दोघंच काम करतात. नाव छापू नका, एवढी कामं आमच्या हातून होणार नाहीत, असं चाचांनी, म्हणजे त्यातल्या वडिलांनी सांगितलंय, म्हणून नाव देत नाही.

चाचांनी किमतीचं काही बोलण्याआधी विचारलं, "ताई, पट्टी कुठली?" मी सांगितली. "मग सा लावा." मी षड्ज लावला, खाली मंद्र पंचमापर्यंत गेले. ते खुंटी तासत होते, हात थांबवून ऐकलं. मग माळ्यावर नेलं. तिथे वाळलेले भोपळे एकावर एक रचलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हा कडू भोपळा, वाद्यासाठीच लावलेला. बोटाच्या पेराने एकेक ठोकायचा आणि मला कान लावायला सांगायचे. एक पातळ सालीचा भोपळा चांगला घणघणला, मला तोच आवडला होता. त्यांनी तो बाजूला ठेवला. आज बोलतोय, पण ताण सोसणार नाही, म्हणाले. शेवटी 42 इंच घेराचा, जरा दबक्या आवाजाचा भोपळा ठरला. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) तुणाच्या लाकडाची. नक्षीकाम मी जवळजवळ नाकारलंच, कडेने एक पांढरी पट्टी तेवढी. नक्षीने आवाजात काडीचा फरक पडत नाही आणि माझे पाच हजार वाचले. एकूण 34 हजार ठरले, निम्मे आगाऊ.

तक्रार इथे आहे. वायदा चार महिन्यांचा होता, लागले साडेपाच. उशीर झाला याचं नाही, पण आपण फोन केल्याशिवाय तिकडून एक शब्द येत नाही. विद्यार्थ्यांचा कार्यक्रम त्या तारखेवर बेतला होता, तो पुन्हा इलेक्ट्रॉनिकवरच करावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं. कारण नंतर समजलं : पाऊस लांबला होता, आणि दमट हवेत चपड्याचं पॉलिश पांढरं पडतं. कारण पटलं. वेळेवर कळवलं असतं तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरमध्ये आणायला गेले तो दिवस मात्र मी विसरणार नाही. वाद्य तयार होतं, पण जवारी मुद्दाम माझ्यासमोर काढायची ठेवली होती. तार सैल करून बाजूला सारायची, घोडीवर बारीक कानस दोन-तीनदाच फिरवायची, फडक्याने पुसायचं, तार परत जागेवर, सूर लावायचा, ऐकायचं. पुन्हा तेच. चारही तारा. मग तारेखाली सुताचा धागा सारायचा. केसभर पुढे घेतला की आवाज मिटतो, केसभर मागे घेतला की एकदम उघडतो. त्यांनी पहिल्यांदा काढलेली जवारी फार खुली होती, झणझणत होती. मी म्हटलं, माझ्या गुरुबाईंच्या तानपुऱ्याची जवारी गोल होती, तशी हवी. चाचांनी मान डोलावली आणि सगळं पहिल्यापासून केलं. तीन तास गेले. अधूनमधून मला सा लावायला सांगायचे. शेवटी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या साची तार छेडली आणि तिच्यातून स्वयंभू (आपोआप उमटणारा) गांधार इतका स्वच्छ वर आला की मला पुढे गाताच येईना. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात बसून तो गांधार ऐकत होते, हेही मनात होतंच.

आता पावसाळ्याचं. जुलैत पंचमाची खुंटी फुगून घट्ट बसली, तर ऑगस्टमध्ये जोडाची (मधल्या दोन साच्या तारांपैकी) एक खुंटी घसरायला लागली. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावून काम भागलं. दांडी सरळ आहे, सांधा कुठे सुटलेला नाही. सप्टेंबरपर्यंत तारांनी घोडीवर रेघा पाडल्या आणि आवाज मिटला. हे प्रत्येक तानपुऱ्याचं होतंच, जवारी पुन्हा काढावी लागते. दिवाळीनंतर मिरजेला घेऊन गेले, पाऊण तासात काम झालं, 600 रुपये घेतले.

कुणी करवून घेणार असेल तर कापडी गवसणीवर अडून राहू नका, फायबरची पेटी त्याच वेळी घ्या. मी ती घेतली नाही, म्हणून दोन्ही वेळा भाड्याची गाडी करावी लागली आणि आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर भोपळा मांडीवर धरून बसले. प्रवासाला निघताना तारा उतरवायला विसरू नका.

त्याच फेरीत जोडीचा दुसरा तानपुरा सांगून आले. या वेळी काम हिवाळ्यात सुरू होतंय, म्हणजे पॉलिश मार्चपर्यंत होईल. दर पंधरा दिवसांनी मुलगा फोन करेल, हे आधीच ठरवून घेतलं. आणि माळ्यावरचा भोपळा या वेळी मी ठोकून निवडला. चाचांनी तो परत एकदा ठोकला आणि त्यावर खडूने माझं नाव लिहिलं.