शेतकरी गटांची भाजीची टोपली: घ्यावी का, कुणाकडून घ्यावी?

शहापूर, मुरबाड, पालघरकडचे शेतकरी गट दर आठवड्याला मुंबईत भाजीची टोपली पाठवतात. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, माल सोसायटीच्या गेटवर. मंडईपेक्षा महाग पडते, तरी चांगल्या गटाची टोपली घ्यावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे. चांगला गट ओळखता मात्र आला पाहिजे.

सगळ्यात आधी पेरणीचं नियोजन विचारा. मेथी २५-३० दिवसांत निघते, पालकाला महिनाभर लागतो, मुळ्याला साधारण दीड महिना. एकट्या शेतकऱ्याला वर्षभर टोपली भरणं जमत नाही, म्हणून तर गट. कुणी कोणत्या आठवड्यात कोणता वाफा पेरायचा हे वाटून घेतलं की माल सलग येतो. नाहीतर जानेवारीत सगळ्यांची मेथी एकदम तयार होते, पुढचे आठवडे कोरडे जातात आणि मग वाशीच्या घाऊक बाजारातली भाजी हळूच टोपलीत शिरते. मे महिन्यात फ्लॉवर आणि मटार दिसले तर समजा, माल त्या शेतांतला नाही. प्रामाणिक गटाची मे महिन्यातली टोपली लहानच असते: भेंडी, गवार, साठवलेला लाल भोपळा. त्याबद्दल तक्रार करू नका.

पावसाळ्यात हीच टोपली सर्वांत सरस. मांडवावरचा दोडका, पडवळ, सोबत टाकळा, कंटोळी आणि सुरुवातीला शेवळं या रानभाज्या. शेवळं खाजरी असतात. जाणता गट जुडीबरोबर खाज मारणारी काकडं, म्हणजे आंबट रानफळं, ही बांधून देतो. ती नसतील तर मागून घ्या.

आता सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र. पीजीएस-इंडिया या सरकारी पद्धतीत किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. निर्यातीला हे चालत नाही, देशी बाजाराला पुरेसं आहे. कागदावर गटाचं नाव, पिकांची यादी आणि मुदत तिन्ही वाचा. प्रमाणपत्र तांदळाचं आणि विक्री टोमॅटोची, असंही चालतं.

तपासणीच्या दिवशी ग्राहकाला येऊ देणारा गट आम्ही सगळ्यांत वर ठेवू. शेतावर गेलात तर जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खताचा ड्रम बघा. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दिवसातून दोनदा ढवळून ४८ तास सावलीत ठेवायचं आणि आठवड्याच्या आत वापरायचं. वापरातला ड्रम लगेच ओळखू येतो.

बहुतेक गट कमी पडतात ते पॅकिंगमध्ये. संध्याकाळी काढलेला पालक ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आत वाफ धरते आणि सकाळी मधली पानं काळी निघतात. जुडी निथळून, ओलसर गोणपाटात गुंडाळून, जाळीच्या क्रेटमध्ये सगळ्यात वर ठेवायला हवी. भोपळा खाली.

सुरुवातीला पैसे महिन्याचेच भरा. शेत बघून खात्री पटली की हंगामाचे आगाऊ द्या, कारण बियाणं आणि मजुरीचा खर्च आधी येतो. खरिपासाठी ही रक्कम मे संपायच्या आत पोहोचायला हवी. पेरण्या उरकल्यावर ती बियाण्याच्या कामी येत नाही.