सॅन्टोरिनीचं घर, लिथुआनियाचं खातं आणि माझे अडीच लाख

ग्रीसमधल्या भाड्याच्या घराच्या नावाखाली मी फसले, त्यात किती गेले तो आकडा आधी सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. २,५२,४३७ रुपये ९८ पैसे. पैशांसकट सांगतेय कारण मी एकोणीस वर्षं एका कंपनीत व्हेंडर पेमेंट बघते. म्हणजे बिलावर एक नाव आणि बँक डिटेल्समध्ये दुसरं असलं की बिल सरळ परत पाठवणारी जी खडूस बाई असते ना, ती मी. हसून घ्या.

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून ग्रीस ठरलं. आम्ही दोघं, मुलगी, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, असे सहा. अथेन्सला तीन रात्री, मग पिरेअस बंदरातून बोटीने सॅन्टोरिनी बेट, तिथे १६ ते २३ मे, सात रात्री. विमान आणि अथेन्सचं हॉटेल नीट झालं. अडलं ते सॅन्टोरिनीला, कारण सगळ्यांना तिथलं इया हेच गाव पाहिजे होतं, ते पांढरी घरं आणि निळे घुमटवालं, आणि तिथे समुद्राकडे तोंड असलेलं काहीही बघा, साडेचारशे-पाचशे यूरो एका रात्रीचे. सहा जणांना दोन खोल्या धरल्या तर हिशोबच नको.

मग एका बुकिंग साइटवर हे घर सापडलं. कड्यात कोरलेलं गुहेसारखं घर, दोन बेडरूम, छोटा पूल, २१० यूरो रात्र. आता म्हणाल एवढं स्वस्त बघून शंका नाही आली का? आली! पण आठवा, २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसत होते, शाळा बंद, हजारो लोक बेट सोडून गेले, आपल्याकडेही बातम्यांत होतं. मालक म्हणवणाऱ्याने तेच लिहिलं, की भूकंपामुळे बुकिंगं कॅन्सल झाली, मे रिकामा पडलाय, नुसतं ठेवण्यापेक्षा निम्म्यात देतो. मला ते पटलं, आणि अजूनही वाटतं की कुणालाही पटलं असतं. खोटं पूर्ण खोटं नसतं, त्यात बातमीचा एक तुकडा घातलेला असतो, तोच आपण गिळतो.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. साइट कमिशन खाते, व्हॉट्सॲपवर या, डायरेक्ट रेट देतो वगैरे. गेले. फोटो, व्हिडिओ, भाडेकराराची पीडीएफ, सगळं आलं. माणूस इतका गोड की मुलीला शाकाहारी जेवण कुठे मिळेल त्याचीसुद्धा यादी दिली.

पहिली खूण तेव्हाच होती. मी विचारलं बंदरावरून घरी कसं यायचं, तर म्हणे बोट इयालाच लागते, चालत दहा मिनिटं. अहो, बोटीचं बुकिंग मी स्वतः बघत होते, तिकिटावर अथिनिओस लिहिलेलं, ते बंदर इयापासून गाडीने अर्धा-पाऊण तास लांब आहे. इयाच्या खाली अमूदी नावाचं चिमुकलं बंदर आहे खरं, पण तिथून वर यायला शेकडो पायऱ्या, आणि पिरेअसची मोठी बोट तिथे लागत नाही. स्वतःच्या गावात बोट कुठे लागते हे न कळणारा मालक! आणि मी काय केलं, तर मनातल्या मनात त्याच्यासाठी सबब शोधली, की इंग्लिश कच्चं असेल बिचाऱ्याचं.

आता खरी गोष्ट. ही लिहायलाच बसलेय, बाकी सगळं निमित्त.

१२ मार्च, बुधवार, लंच ब्रेकमध्ये बँकेत गेले. सात रात्रीचे १,४७० आणि डिपॉझिट ५००, मिळून १,९७० यूरो. व्हिसाची अपॉइंटमेंट ७ एप्रिलची होती, राहण्याचं कन्फर्मेशन लागतं, आणि तो म्हणाला होता की पूर्ण पैसे आल्याशिवाय सही-शिक्क्याचं लेटर देत नाही. काउंटरला एक नवीन मुलगी, पंचविशीची असेल, गळ्यात आयकार्ड. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरता भरता थांबली आणि पेनाचं टोक आयबॅनवर, म्हणजे तिकडच्या खात्याच्या नंबरवर ठेवून म्हणाली, "मॅडम, हे एलटीने सुरू होतंय. ग्रीसचं जीआर असतं ना? एलटी म्हणजे लिथुआनिया. आणि नावही कंपनीचं आहे, मालकाचं नाहीये."

मी म्हटलं, "अगं, यूरोपात सगळं एकच असतं, यूरो एक, बँका एक, कुठेही खातं काढतात."

ती म्हणाली, "एकदा त्यांना विचारून घेता का?"

आणि मी, घड्याळ बघत, वैतागून, "तू कर गं, मला माहितीये, मी हेच काम करते."

मी हेच काम करते! दीड महिना झाला, रात्री डोळा लागता लागता हे वाक्य ऐकू येतं. समोर बसलेल्या लेकीच्या वयाच्या मुलीला दिसलं, तिने दोनदा सांगितलं, आणि मी माझ्या एकोणीस वर्षांचा दम देऊन तिला गप्प केलं. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी टेबलवरून उठले नसते. पण ऑफिसचे पैसे वेगळे आणि फिरायला जायचे पैसे वेगळे, फिरायला जाताना माणूस हिशोब करत नाही, स्वप्न बघतो.

ग्रीसचा आयबॅन जीआरने सुरू होतो आणि २७ कॅरेक्टरचा असतो. लिथुआनियाचा एलटी, २० चा. कायद्याने यूरोपात कुठलंही खातं चालतं हे खरं, मी म्हणाले ते चूक नव्हतं, पण सॅन्टोरिनीच्या गावकऱ्याचं खातं तिकडे का असावं हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तिकडे ऑनलाइन वॉलेटसारख्या भरपूर कंपन्यांना लायसन्स आहे, घरबसल्या खातं उघडतं. आणि हे लिहून ठेवा, आपण फॉर्मवर लिहिलेलं नाव आणि खातेदाराचं नाव जुळतं की नाही हे इथून कुणी तपासत नाही, नंबर बरोबर असला की पैसे गेले. हे मला बँकेने सांगितलं, पैसे गेल्यावर.

पहिला हप्ता: ९५.६० च्या भावाने १,८८,३३२, स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या यंत्रणेतून पैसे बाहेर पाठवायचे चार्जेस जीएसटीसकट १,१८०, करन्सी बदलल्याचा जीएसटी २५९.५०, एकूण १,८९,७७१.५०.

इथे थांबले असते तरी बरं. २५ मार्चला नवीन मेसेज, की सरकारचा नवा टॅक्स आलाय, माणशी ८ यूरो प्रत्येक रात्रीचे, सहा जण सात रात्री ३३६, शिवाय पूलचा इन्शुरन्स ३०४, मिळून ६४०. टॅक्स खरंच आहे हो, क्लायमेट टॅक्स म्हणतात, मी शोधलं आणि सापडला, म्हणून विश्वास अजून वाढला. पण तो घरामागे असतो, माणशी नाही, आणि साधारणपणे तिथे पोचल्यावर भरायचा असतो. बातमीचं हेडिंग वाचलं, खालच्या चार ओळी नाही वाचल्या. अजून ६२,६६६.४८ गेले. ह्या वेळी काउंटरला ती मुलगी नव्हती, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं.

लेटर काही येईना. २८ ला म्हणाला सोमवारी देतो. ३० ला पाडवा, गुढी उतरवायच्या आधी सहज मेसेज टाकला तर एकच टिक. डीपी गायब. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन मी त्या एका टिककडे बघत बसले. भाच्याने तो फोटो नेटवर अजून कुठे आहे ते शोधायला सर्चला टाकला, दोन मिनिटं लागली त्याला, ते घर इमेरोविग्लीतल्या एका हॉटेलचं निघालं, इयाचं सुद्धा नाही. दोन मिनिटं! तुम्हीही करा, पैसे भरायच्या आधी. आणि चॅट ताबडतोब एक्सपोर्ट करून ठेवा, समोरचा मेसेज डिलीट करतो, माझे अर्धे गेले.

आता ऐका पुढचं. रविवार गेला, सोमवारी ३१ मार्चचं इयर एंडिंग, ब्रँचमध्ये "आज काही होणार नाही मॅडम", १ एप्रिलला बँक बंद. म्हणजे २ तारीख उजाडली. पोलीस स्टेशनला गेलो तर पहिला प्रश्न, "ओटीपी दिला का?" म्हटलं, ओटीपीचा विषयच नाही, मी स्वतः बँकेत जाऊन पाठवलेत. "मग फसवणूक कशी? तुम्हीच दिलेत की." अर्धा तास बसवून म्हणे हे सायबरचं आहे, तिकडे जा, तिकडे गेलो तर म्हणे तुमचा पत्ता आमच्या हद्दीत नाही, साहेब बंदोबस्ताला, परवा या, परवा गेले तर अर्ज मराठीत हवा, मराठीत दिला तर स्क्रीनशॉटच्या प्रिंट रंगीत हव्यात, ४६ पानं, दहा रुपये पान, ते ४६० वेगळेच, आणि इतकं करून हातात काय तर अर्जावर पोच. एफआयआर नाही. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे बीएनएसएसच्या १७३ कलमात, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो नोंदवून घ्यायचा असं स्पष्ट आहे, मी कलम वाचून दाखवलं, तर हवालदार म्हणतो, "मॅडम एवढं वाचता, मग हे नाही वाचलं?" नवऱ्याने हात धरून बाहेर आणलं म्हणून, नाहीतर माझ्यावरच एफआयआर झाला असता.

बँकेची तऱ्हा वेगळी. रिकॉल, म्हणजे पाठवलेले पैसे परत मागायची विनंती, टाकायला सांगितलं तर त्याचेही चार्जेस ५९०. पैसे परत मागायचे पण पैसे. तीन आठवड्यांनी एका ओळीची ईमेल, की पैसे खात्यात जमा झालेले असल्याने खातेदाराच्या संमतीशिवाय परत येणार नाहीत. चोराची संमती! लिथुआनियात ते खातं जिथे आहे त्या कंपनीला लिहिलं तर तुमच्या बँकेशी बोला, इथे बोललं तर तिकडे बोला. तक्रार केली तर उत्तर, की ए-टू फॉर्मवर तुमचीच सही आहे. आहेच. तीस दिवसांत बँकेने ऐकलं नाही किंवा नाही म्हटलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ते आता करतेय.

देशातल्या खात्यात पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, खातं गोठवायचा चान्स तरी असतो. बाहेर देशात गेले की सगळेच हात वर करतात. पेमेंट साइटच्या आतच करा, क्रेडिट कार्डाने, निदान भांडायला जागा राहते. ग्रीसमध्ये असं घर भाड्याने द्यायचं तर नोंदणी नंबर लागतो, एएमए म्हणतात, तो जाहिरातीत लिहावाच लागतो, तो किंवा टुरिझमचं लायसन्स आधी मागा, न देणाऱ्याला पुढचं "हॅलो" सुद्धा करू नका.

रिकॉलचा फॉर्म द्यायला गेले तेव्हा काउंटरला तीच मुलगी होती. काही म्हणाली नाही. फॉर्म उलटा करून माझ्याकडे सरकवला, पेन दिलं, आणि सही कुठे करायची तिथे फुली मारून ठेवली होती. मी सॉरी म्हणणार होते, मागे रांग होती.

७ तारखेची अपॉइंटमेंट पुढे ढकलली, विमानाची तिकिटं अजून लटकलीयेत. दिरांचा निम्मा वाटा मी माझ्या पगारातून देतेय, महिना पंधरा हजार. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही.

लिथुआनियाच्या खात्यातून कुणाचे पैसे रिकॉल होऊन परत आलेत का? आले असतील तर काय लिहिलंत, कुणाला लिहिलंत, ते कृपया सांगा. "तुम्ही तर अकाउंट्समध्ये ना?" एवढं मात्र विचारू नका, ते जाऊबाई विचारून झाल्यात.