व्हिक्टोरियन म्हणून घेतलेला ब्रोच, दोन महिने वापरून

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतला, फोटो फक्त पुढूनच होते आणि मी पण मागची बाजू मागितली नाही, चूक माझीच म्हणा. व्हिक्टोरियन म्हणजे १८३७ ते १९०१, त्या काळच्या ब्रोचला मागे बहुतेक साधा सी-आकाराचा हुक असतो आणि पिनचं टोक बऱ्याचदा कडेच्या बाहेर डोकावतं. माझ्याला फिरवून लॉक होणारा सेफ्टी कॅच निघाला, म्हणजे एकतर विसाव्या शतकातला किंवा नंतर कोणीतरी पिन बदललीये, पण बिजागरीपाशी डाग देऊन (सोल्डर करून) जोडल्याची खूण काही दिसत नाही, त्यामुळे मला तरी पहिलंच वाटतं.

तरी परत नाही केला, दिसतो फार गोड! खडे काचेचे, मागे चकाकीची फॉइल, म्हणून पाणी अजिबात लावत नाही, ओल गेली की खडा काळा पडतो. कोरड्या मऊ ब्रशने पुसते बस.

सिल्कवर एकदाच लावला, भोक पडलं ते पडलंच. आता जाड कोटाच्या कॉलरवर, आतून फेल्टचा तुकडा ठेवून लावते, मग मान टाकत नाही.

तीन स्टार, एक कापला तो खोट्या वर्णनासाठी, दुसरा पॅकिंगसाठी, नुसत्या पाकिटात पाठवला होता.