स्पीच थेरपी सेंटर, पुणे: स्वतः बसायची तयारी असेल तरच या

चार स्टार. पोराला आत सोडून बाहेर मोबाईल बघत बसायचं असेल तर इथे येऊ नका, कारण थेरपिस्ट ताई आपल्यालाच आत बसवतात, एकदा करून दाखवतात आणि मग आपल्याकडून करून घेतात. आधी चिडचिड झाली, एवढी फी भरायची आणि वर कामही आम्हीच करायचं का, पण सेशनचा तास सोडला तर पोरगा घरीच असतो ना, तिथे कोण शिकवणार.

मुलाला प्रोफाउंड लॉस आहे, म्हणजे ९० डेसिबलच्या पुढचा, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, हिअरिंग एडने भागेना म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट केलं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवतात ते ऐकायचं मशीन (वय ५ च्या आत असेल तर एडिप या सरकारी स्कीममधून मदत होते, आधी चौकशी करा). नातेवाइकांना वाटतं मशीन लागलं की पोरगं बोलणार. अहो, मशीन पहिल्यांदा चालू करतात त्या दिवसापासून (स्विच-ऑन) हिअरिंग एज म्हणजे ऐकण्याचं वय मोजतात, तीन वर्षांचा असला तरी ऐकण्याच्या बाबतीत तान्हाच.

इथे लिंग टेस्ट (Ling, सहा आवाज काढून मुलाला नीट ऐकू येतंय का ते बघायचं) एकदम पक्की करून घेतली. आ, ऊ, ई, म, श, स, रोज सकाळी मशीन लावल्या लावल्या, ओठ दिसू न देता. मध्ये एकदा "स" ला काहीच रिस्पॉन्स नाही, बाकी सगळे ओके, ताईंनी फोनवरच माइकचं कव्हर बदलायला सांगितलं आणि खरंच तेवढंच होतं.

अजून एक, दुसरीकडे आम्हाला घरात फक्त इंग्लिश बोला म्हणाले होते, आजीला कुठून येणार इंग्लिश? इथे सरळ मराठी. "बॉल गेला, गाडी गेली" म्हणताना शेवटचा ला-ली जरा उठवून बोलायचा, नाहीतर आपण तो गिळतो आणि मुलाला फरक कळतच नाही. जेवताना ताट द्यायचं पण चमचा मुद्दाम द्यायचा नाही आणि तो मागेपर्यंत गप्प बसायचं, हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड, आमच्या सासूबाई तर लगेच चमचा पुढे करतात.

एक स्टार का कापला? वेटिंगमध्ये टीव्ही मोठ्याने चालू, इम्प्लांटवाल्या मुलांच्या सेंटरमध्ये! आणि खुणा अजिबात करू नका हा हट्ट मला पटत नाही, आंघोळीला, झोपताना मशीन काढलेलं असतं तेव्हा काय करायचं मग? आम्ही करतो खुणा.

स्लॉट सकाळचा मागा, संध्याकाळी मुलं पेंगतात. पार्किंग फक्त टू-व्हीलरला.